वलणीवरची दुपटी

गेणबाला मोजायची सवय होती. चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला ती असतेच. सकाळी सोडताना मोजायची, संध्याकाळी कोंडताना मोजायची, आणि मध्ये ओढा लागला तर अलीकडं एकदा, पलीकडं एकदा. पुढं उजनीचं पाणी चढलं, चराईची रानं बुडाली, मेंढरं विकली गेली आणि पळसदेवच्या वरच्या अंगाला चार एकराला पाणी मिळून गेणबा शेतकरी झाला. पण सवय कुठं जाते? लग्नाच्या पंगतीत बसला की पानं मोजायचा, एसटीत चढला की डोकी. एक माणूस बिनतिकिटाचं आहे हे कंडक्टरच्या आधी त्याला कळायचं.

त्याच्या बायकोला, ठमाबाईला, या मोजण्याचं काही वाटत नसे. तिला सलायची ती त्याची दुसरी खोड. गेणबा माणसांविषयी बोलतानाही मेंढरांचीच भाषा बोलायचा. दोन वर्षांपूर्वी मनिषासाठी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीसाठी, कोऱ्हाळे बुद्रुकचं स्थळ बघायला गेले तेव्हा तर त्यानं कहर केला. कारखान्याचे सभासद असलेली ऊसवाली माणसं. खाली सतरंजी, वर पंखा, कपबशीतून चहा. मुलगा सिद्धू पाया पडायला वाकला तसा गेणबानं त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत कण्यावरून हात फिरवला आणि समाधानानं म्हणाला, "पाठ भरल्याली हाय. बेनं चांगलं हाय."

बैठक हसली. मुलाची आई रंगूबाई दाराआडून म्हणाली, "आता दातबी बघून घ्या, पाव्हणं."

लग्न काही मोडलं नाही, उलट त्या हसण्यातच ठरलं. पण परतीच्या एसटीत भिगवण येईपर्यंत ठमाबाई बोलली नाही, आणि भिगवणच्या पुढं बोलली ती एवढंच, "ह्याच्याफुडं माणसाच्या गोष्टीत मेंढरू आणायचं न्हाय. आपण आता मेंढकं न्हाय, बागायतदार हाय. लेक द्यायचीय त्या घरात."

गेणबानं वचन दिलं, आणि पाळलं. पाळलं नसतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

शहाण्णव सालच्या पौषात मनिषा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि दिवस भरायला पंधरा-वीस दिवस असतानाच मोकळी झाली. सारजा सुईणीनं भर दुपारी दारातून सांगितलं, "लेक झाली. चिमणीएवढी हाय, पर धड हाय."

ठमाबाई वाईट बाई नव्हती. नात झाल्याचं तिला दुःखही झालं नाही. तिला काळजी पडली ती कोऱ्हाळ्याची. पहिली मुलगी, ती पण किरकोळ, आणि आपल्या घरात झालेली. सोयऱ्यांपुढं ठेवताना या पोरीत एखादा तरी गुण दाखवता यायला हवा होता. तो गुण पोरीनं पहिल्याच दिवशी दाखवला. ती रडत नव्हती. जन्मताना जेवढं रडायचं तेवढं रडली आणि झोपली.

"गुणाची हाय गं बाई," ठमाबाई म्हणाली. त्या दिवसापासून त्या पोरीच्या नावावर एवढी एकच गोष्ट जमेला होती, आणि घरातली प्रत्येक बाई ती जपायला लागली.

बाळंतिणीची खोली म्हणजे मधल्या घराच्या मागची अंधारी खोली. एक बाज, बाजेखाली शेगडी, दाराला घोंगडं. बारा दिवसांची सुवेर. तोवर पुरुषानं उंबरा ओलांडायचा नाही, मग तो बाप असो की आजा. गेणबानं आपली बाज परसात गोठ्याशेजारी टाकली. तिथून भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू यायचं, आणि दिसायची ती समोरची वलण, दोन मेढींना बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी. तिच्यावर बाळाची दुपटी पडायची. जुन्या धोतराचे आणि लुगड्याचे फाडलेले मऊ तुकडे, ओले झाले की धुऊन टाकलेले. मोजायला दुसरं काही नव्हतंच. गेणबा दुपटी मोजायला लागला.

पहिल्या दिवशी एक. दुसऱ्या दिवशी दोन. हे ठीक होतं. पोटात काही जात नाही तोवर बाहेर काय येणार?

पोटात काही जात का नव्हतं तेही त्याला भिंतीतून ऐकू येत होतं. सारजाचा नियम होता, पहिले तीन दिवस चीक पिळून टाकायचा. जड असतो, लेकराच्या पोटात गोळा होतो. तोवर बाळाला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी. गेणबानं मान वळवून गोठ्यात बघितलं. तिथं महिन्याचं वासरू उड्या मारत होतं. ते पडलं तेव्हा ह्याच ठमाबाईनं त्याला ओढत नेऊन गायीच्या कासेला लावलं होतं आणि गेणबावर खेकसली होती, "पहिला चीक पोटात गेला पायजे, न्हायतर हाती लागंल का वासरू?" उरलेल्या चिकाचा खरवस चार घरी वाटला होता. गायीचा चीक अमृत आणि लेकीचा चीक विष, हे गणित गेणबाला सुटेना. त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे वासरू मध्ये आलं, आणि वासरामागून मेंढरू यायला कितीसा वेळ लागतो? तो तंबाखू मळत बसला.

तिसऱ्या दिवशी दुपटी तीन. त्या दिवशी बाळाला अंगावर घेतलं.

"आये, दोन चोखण्या मारती आन झोपती," आतून मनिषाचा आवाज आला. एकोणीस वर्षांची पोर, प्रत्येक गोष्ट आईला विचारून करणारी.

"पोट भरलं की झोपणारच. तुज्यावानी हाय व्हय ती? तू तर गाव गोळा करायचीस."

थोड्या वेळानं पुन्हा, "आये, बघ की. तोंड हिकडं-तिकडं फिरवती. मूठ चोखती बघ."

"रडली का?"

"न्हाय."

"मग? रडल्याबिगर आईबी पाजत न्हाय म्हणत्यात ते काय उगंच? आताच हाताळायची सवय लावलीस तर सासरी कामाला कवा हात लावशील? आन हात बांध तिचं आत. नखं लागत्याल तोंडाला."

ही म्हण माणसांनी माणसांसाठी केली. पाटकऱ्याकडून पाण्याची पाळी मिळवायची, साहेबाच्या टेबलावरचा कागद पुढं सरकवायचा, तर गप बसून भागत नाही, एवढाच तिचा अर्थ. ठमाबाईनं ती तीन दिवसांच्या पोरीला लावली. आणि पोरीकडं सांगायला दोनच गोष्टी होत्या, मान आणि मूठ. मूठ दुपट्यात बांधली गेली. मान काही वेळ फिरत राहिली असेल. मग तीही थांबली.

चौथ्या दिवशी दुपटी तीनच.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायला कोऱ्हाळ्याहून रंगूबाई आली. टोपडं, झबलं, डिंकाचे लाडू, सगळं रीतीप्रमाणं. आत जाऊन तिनं नातीला मांडीवर घेतलं. पोरगी हलली नाही. ठमाबाई श्वास रोखून उभी राहिली असणार, कारण गेणबाला भिंतीपलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"सिद्धूनं तर माजा जीव नकोसा केला हुता," रंगूबाई शेवटी म्हणाली. "सव्वा म्हयना डोळ्याला डोळा न्हाय. ही बघा. आल्यापास्नं पापणी हलवली न्हाय. लेकीची जात, आत्तापास्नंच शहाणी. आन रंग कसा केतकीवानी पिवळा उजाळलाय."

"तुमच्या घराण्याचा रंग हाय तो," ठमाबाई म्हणाली. बाहेर येऊन तिनं सोयरीणबाईंना वाढलं तेव्हा तिचा हात इतका सैल सुटला होता की तूप पानाबाहेर गेलं. सिद्धूच्या पाठीवर हात फिरवला होता त्या दिवसापासूनची सल त्या दिवशी निघाली. जाताना रंगूबाई गेणबालाही म्हणाली, "पाव्हणं, नात चांगली हाय. औंदा दात बघायचं काम न्हाय." आणि गेणबा हसला.

त्या दिवशी वलणीवर दुपटी दोन होती.

आता हे चुकत होतं. मनिषाच्या वेळी पाचव्या-सहाव्या दिवसाला वलण ओझ्यानं वाकायची, हे गेणबाला पक्कं आठवत होतं. आकडा चढायला हवा होता आणि तो उतरत होता. कळपात असला उतार दिसला की काय करायचं ते त्याचे हात झोपेतही सांगू शकले असते. ओरडणाऱ्या कोकराकडं कुणी बघत नाही. ओरडतंय म्हणजे अंगात दम आहे. बघायचं ते कोपऱ्यात मुकं पडलेल्याकडं. ते झोपलेलं दिसतं, पण झोप ती नव्हे. त्याच्या तोंडात बोट घालायचं. ऊब लागली आणि बोट ओढलं, तर उचलून आईला लावायचं, न मागता लावायचं, जागं करकरून लावायचं. गार लागलं, तर आधी आपल्या अंगाशी घ्यायचं आणि मग पळायचं.

सहाव्या दिवशी दुपटी दोनच. ठमाबाई ती वाळत घालत होती तेव्हा गेणबा धीर करून म्हणाला, "दुपटी कमी दिसत्यात गं."

ठमाबाईनं वळून बघितलं. "तुमी दुपटी मोजताय?"

"न्हाय, म्हणलं मनिषाच्या टायमाला..."

"मनिषा रडकी हुती, मुतरी हुती. ही शहाणी हाय. आन बायकांची कापडं मोजत बसलाय हे चारचौघांत नका सांगू, पाया पडते तुमच्या. आताशी कुठं मान वर झालीय."

गेणबाला पुढचं बोलायचं होतं. लेकरू मुकं पडलंय, बोट घालून बघ, हे त्याला माणसांच्या भाषेत कसं म्हणायचं ते येत नव्हतं. ज्या भाषेत येत होतं ती त्यानं एसटीत सोडून दिली होती. तो म्हणाला, "बरं." बरं म्हणण्यासारखी सोपी गोष्ट संसारात दुसरी नाही, म्हणून तर संसार टिकतात.

सातव्या दिवशी वलणीवर एकच दुपटं, आणि धुऊनही त्याच्यावर विटकरी डाग. सारजा आली तेव्हा गेणबानं तिला गोठ्याच्या कोपऱ्याला गाठून डाग दाखवला. सारजा म्हणाली, "उष्णता हाय. शेक जास्त झाला आसंल. गुटीत जायफळाचा एक वेढा कमी करते." म्हणजे जायफळही चालू होतं. झोपलेल्या पोरीला आणखी झोपायला. त्याच दुपारी आतून मनिषा म्हणाली, "माजं लई दुखाय लागलंय आये, दगुड झाल्यात. ही तोंडच उघडत न्हाय." आणि सारजा म्हणाली, "पिळून काढू. तिला लागंल तवा ती मागंल."

गेणबा उठून उंबऱ्यापर्यंत गेला. घोंगड्याला हात लावला. आतून ठमाबाईनं विचारलं, "कोण हाय?" आणि तो म्हणाला, "कोण न्हाय, पाणी पायजे हुतं."

आठव्या दिवशी वलण रिकामी होती. सकाळी रिकामी, ऊन अंगणात आलं तरी रिकामी. गेणबानं आयुष्यात पुष्कळ मोजलं होतं, पण मोजायला काहीच नाही असं कधी झालं नव्हतं. दहाच्या सुमाराला तो उठला, घोंगडं बाजूला सारलं आणि आत गेला.

"आवं, सुवेर हाय," ठमाबाई दारात आडवी आली.

"सर," तो म्हणाला. त्या आवाजाची तिला ओळख नव्हती. ती सरली.

मनिषा बाजेवर उठून बसली. तिचे डोळे सुजले होते. बाळ टोपड्यात, दुपट्यात, गोधडीत गुंडाळलेलं, फक्त वाटीएवढं पिवळं तोंड बाहेर. गेणबानं करंगळी धोतराला पुसली आणि तिच्या ओठांमधून आत घातली. तोंड कोरडं होतं, आणि गार. जीभ हलली नाही. त्यानं थोडा वेळ बोट तसंच ठेवलं, न जाणो म्हणून. मग काढलं.

"चल," तो लेकीला म्हणाला. "अंगाशी धर तिला. उघड्या अंगाशी. बारामतीला जायचं."

हमरस्त्याला वडापची जीप उभी होती. तीन शिटा भरायच्या होत्या आणि ड्रायव्हर चाकावर पाय टाकून बिडी ओढत होता. "तिन्ही माजीच धर," गेणबा म्हणाला, तेव्हा ती निघाली. जीपमधल्या एका बाईनं मनिषाच्या पदरात डोकावून बघितलं. "किती निवांत झोपलंय लेकरू. न्हायतर आमचं." मनिषानं पदर आणखी ओढून घेतला. भिगवणला एसटी मिळाली. अख्ख्या वाटेत गेणबानं एकदाही मागं वळून डोकी मोजली नाहीत. त्याचा हात लेकीच्या पदराखाली बाळाच्या तळपायाला धरलेला होता.

बारामतीला स्टँडपासून जवळच लहान मुलांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते, हात भराभर चालत होते. त्यांनी पापणी ओढून बघितली, पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते उभंच राहिलं. नर्स बाळाला घेऊन काचेच्या पेटीकडं पळाली. डॉक्टर कागद ओढून म्हणाले, "वजन किती होतं जन्माचं?"

कुणाला ठाऊक नव्हतं.

"दिवसातून किती वेळा पाजत होता?"

मनिषानं खाली बघितलं. "मागंल तवा. ती मागतच नव्हती."

"अहो, इतकं लहान मूल रडून मागत नाही. तोंड फिरवतं, ओठ हलवतं, मूठ चोखतं. तेच मागणं. रडू सगळ्यात शेवटी येतं, आणि उपाशी राहिलं की तेही येत नाही. नुसतं झोपतं. दर दोन तासांनी उठवून पाजायचं असतं." त्यांनी पुन्हा कागदाकडं बघितलं. "लघवी? दिवसाला किती दुपटी ओली व्हायची?"

"तिसऱ्या दिवशी तीन," गेणबा मागून म्हणाला. "चौथ्याला तीन. पाचवीला दोन. साव्याला दोन. सातव्याला एक, त्याच्यावर विटकरी डाग. आज एकबी न्हाय."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. इतका चोख हिशेब त्यांना कुठल्या आईनं दिला नसेल. त्यांनी मान वर केली.

"तुम्हाला आकडा उतरतोय हे दिसत होतं?"

"व्हय."

"मग तुम्ही काय करत होता, बाबा?"

गेणबानं खरं ते सांगितलं. "मोजत हुतो."

मनिषा त्याच्या शेजारीच उभी होती.

पहिल्या दिवशी आशा वाटली. नाकातून नळी घातली, मनिषाचं दूध वाटीत काढून नळीतून द्यायला सांगितलं. तिनं काढलं, वाटी भरून वाहिली. काविळीसाठी लावलेल्या पेटीतल्या निळ्या उजेडात पोरीची मूठ एकदा उघडून मिटली, आणि मनिषा काचेला कपाळ लावून तासभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी झटके आले. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं येऊन पेटीचा दिवा बंद केला. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी आणली असती..." आणि समोर कोण उभं आहे ते बघून पुढचं त्यांनी गिळलं.

पळसदेवला धरणाच्या पाण्याच्या कडेला पोरीला मूठमाती दिली. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

माती दिल्याच्या चौथ्या दिवशी रंगूबाई आणि सिद्धू आले. गावातल्या पाच-सहा बायकाही येऊन बसल्या. सिद्धू ओट्याच्या कडेला खाली मान घालून बसला. त्याची पाठ वाकलेली होती. मनिषा आतल्या खोलीत बाजेवर होती. तिच्या छातीला सारजानं घट्ट फडकं बांधलं होतं, तरी ते दर थोड्या वेळानं भिजत होतं. दुधाला कुणी निरोप दिला नव्हता.

"शहाणी हुती म्हणून तर देवानं नेली," रंगूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली. "आली तवा तरास न्हाय, गेली तवा तरास न्हाय."

"देवाघरचीच हुती ती," ठमाबाई लगेच म्हणाली. तिला या शब्दांचा आधार हवा होता, बुडणाऱ्याला हवा असतो तसा. "म्हणून रडत नव्हती. मी म्हणलंच हुतं सारजाला, ही आपल्यात ऱ्हायाची न्हाय."

बायकांनी माना हलवल्या. सगळ्यांना सोयीचं होतं. असं आणखी दोनदा-तीनदा कुणी म्हटलं असतं की तेच खरं झालं असतं आणि वर्षभरात गावाला पाठ झालं असतं.

"शहाणी नव्हती, इहीणबाई," गेणबा म्हणाला. "उपाशी हुती."

ठमाबाईनं त्याच्याकडं बघितलं. ते बघणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

"मुकं कोकरू उपाशी आसतं, हे मला म्हाईत हुतं," तो म्हणाला. "मी बोललो न्हाय."

रंगूबाईनं पदर सारखा केला. तिनं विचारलं, "भिगवणला जायला गाडी कितीला हाय?" आणि ठमाबाईकडं वळून म्हणाली, "मनिषाला ठेवा म्हयना-दोन म्हयनं. कच्चं अंग हाय."

तेव्हा आतून मनिषाचा आवाज आला. "आत्या, मी तुमच्यासंगं येते."

"अगं, पंधरा दिसबी न्हाय झालं," ठमाबाई उठली. "वाऱ्यात जाशील?"

आत ट्रंकेची कडी वाजली. सुवेर फिटली होती. त्या खोलीत जायला आता कुणाची आडकाठी नव्हती. तरी गेणबा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मनिषा लुगड्याचा पदर कानावरून घट्ट घेऊन बाहेर आली. सिद्धूनं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. बापासमोर ती थांबली.

"आबा," ती म्हणाली, आवाज न चढवता, "आईला मी इचारत हुते, कारण मला काय कळत नव्हतं. तुमाला कळत हुतं. मला एक हाक मारायची हुती. भिंतच हुती की मधी."

गेणबाला काहीतरी म्हणायचं होतं. तिनं वाट बघितली, चांगली वाट बघितली. मग पाया पडली, रीत म्हणून, आणि सासूच्या पुढं चालू लागली.

रस्त्याला लागेपर्यंत तिनं वळून बघितलं नाही. ठमाबाईनं आत जाऊन शेगडीतली राख काढली आणि बाज उचलून भिंतीला उभी केली.